अर्धा फेरा

सीमाभागातल्या आमच्या शाळेच्या यंदाच्या अहवालात संगणक विभागाला एक अख्खं पान दिलं आहे. त्यावर सात नावं आहेत. उद्घाटनाला नारळ फोडणाऱ्याचं आहे, नारळ आणणाऱ्याचं आहे, खोलीला पडदे देणाऱ्या खडेबाजारातल्या कापड दुकानदाराचंही आहे. शिवराम घस्ते हे नाव नाही. त्या यंत्राकडून पहिल्यांदा काहीतरी हलवून घेणारा माणूस याच शाळेत अकरा वर्षं चित्रकला शिकवत होता, हे त्या पानावरून कुणाला कळणार नाही. म्हणून हे लिहिते आहे. पत्रक म्हणून वाचलं तरी माझी हरकत नाही. मी वाढलेच पत्रकांवर. कडोलीच्या आमच्या घरात वडलांचं पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र देवघराच्या शेजारी असायचं, आणि बिघडलेल्या प्रती जेवताना ताटाखाली घालायच्या. अक्षरं मी तिथंच ओळखायला शिकले.

घस्ते सर निपाणीचे. आई विडी कामगार. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं पान कापायचं, हे ती न बघता करायची, आणि सर म्हणायचे की त्यांची चित्रकला तिथून आली. सत्तरच्या दशकात मी खासबागेजवळच्या या शाळेत शिकत होते तेव्हा ते नवीन आलेले. फळ्यासमोर उभे राहायचे, उजवा हात खांद्यापासून सैल सोडायचे आणि एका झटक्यात वर्तुळ काढायचे. कंपास लावून बघितलं तरी चूक सापडायची नाही. आम्ही पोरी काढायला लागलो की बटाटे व्हायचे. मग ते म्हणायचे, "हात फिरू दे आधी. डोकं मागनं फिरंल."

पुढं मी त्याच शाळेत मराठी शिकवायला आले. हजेरीपटावर पहिली सही केली त्या दिवसापासून त्यांनी मला "पोरी" म्हणायचं सोडलं आणि "बाई" म्हणायला लागले. मी म्हटलं, "सर, मी तीच आहे की." तर म्हणाले, "तू तीच हाईस. खुर्ची ती न्हाय."

खुर्चीबद्दल त्यांना माहिती होती, कारण त्यांना स्वतःची नव्हती. अकरा वर्षं तात्पुरते. दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर. कायम करण्याची फाईल हेडमास्तरांकडून संस्थेकडे, संस्थेकडून शिक्षण खात्याकडे जायची आणि काहीतरी शंका काढून परत यायची. त्यांच्यामागून आलेले तिघे कायम झाले. त्यांची आडनावं मी इथं लिहीत नाही, पण ती घस्ते, कांबळे, माने यांपैकी नव्हती.

शिक्षकखोलीतल्या कपांची गोष्ट सांगायलाच हवी. भिंतीवर खिळे होते, खिळ्यांना कप. सरांचा कप शेवटच्या खिळ्याला, आणि ओळखू यावा म्हणून कुणीतरी त्याच्या कडेला निळी रेघ मारलेली. कुणी काही बोलत नसे. आमच्या लोकांची ही खासियत आहे, रेघ मारतात आणि बोलत नाहीत. एका सोमवारी आम्ही आलो तर सगळ्या कपांना निळी रेघ होती. सारख्या जाडीची, सारख्या उंचीवर, कुठंही हात हललेला नाही. गणिताच्या सरांनी आपला कप शोधायला दोन-तीन कप उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "घस्ते, हे काय हो?"

"शोभा आलीया काय न्हाय बगा," सर म्हणाले आणि जो हाताला लागला तो कप घेऊन चहा प्यायले.

महिनाभरात शाळेनं काचेचे ग्लास आणले.

शाळा सुटल्यावर ते पाट्या रंगवायचे. कॅम्पात कराटेचा क्लास निघाला होता, त्याची पाटी त्यांच्याकडे आली. नमुना म्हणून क्लासवाल्यानं कोटाचा एक बिल्ला दिला. त्यावर एक वर्तुळ, मधून नागमोडी रेघ, एका बाजूला काळा मासा, दुसऱ्या बाजूला पांढरा. काळ्याच्या डोक्यात पांढरा ठिपका, पांढऱ्याच्या डोक्यात काळा. सरांनी विचारलं, याचा अर्थ काय? क्लासवाला म्हणाला, "कराटेत ते असतंयच."

या उत्तरानं त्यांचं समाधान झालं नाही. वाचनालयात जाऊन त्यांनी इंग्रजी ज्ञानकोश काढला, शब्दकोश शेजारी ठेवून वाचला, आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं की हे चिनी आहे, याला यिन आणि यांग म्हणतात, आणि यातलं काळं म्हणजे वाईट आणि पांढरं म्हणजे चांगलं असं काही नाही. गणिताचे सर कान देऊन होते. म्हणाले, "म्हणजे तुमच्या बुद्धाचंच की."

"न्हाय. बुद्धाच्या शेजाऱ्याचं," सर म्हणाले. "शेजाऱ्याचं चांगलं असलं तर बगायला काय हरकत हाय?"

पाटी देऊन झाली, पण ते चिन्ह सरांच्या हातातून गेलं नाही. त्यांचं म्हणणं, चित्रात ते थांबलेलं आहे ही चूक आहे; ते फिरत असणार, काढणाऱ्यानं मध्येच धरलं. मग त्यांनी कागदांच्या कोपऱ्यात ते चिन्ह थोडं थोडं वळवून काढलं, चाळीसेक कागद एकत्र शिवले आणि अंगठ्यानं भर्रकन सोडले. चाक फिरलं. मी खूश झाले, आणि मग माझं लक्ष गेलं की ते कागद आमच्या घरून वाटायला आणलेली सीमाप्रश्नाची पत्रकं होती. मी चिडले. म्हटलं, "सर, लोक यासाठी मार खातात आणि तुम्ही यावर खेळ करता?"

"मागं कोरं हाय, बाई," ते म्हणाले. "तुमची पत्रकं एकाच बाजूनं बोलत्यात. दुसरी बाजू वाया जाती."

तेव्हा मला ते वाक्य भेकड वाटलं होतं.

मग शाळेला सरकारी योजनेतून एक संगणक आला. सोबत रंगीत टीव्ही. नारळ फुटला, हार घातला, यंत्रावर मखमली झाकण आलं आणि खोलीला कुलूप लागलं. विज्ञानाच्या सरांना धारवाडला संगणक शिकायला पाठवलं होतं. ते परत येऊन एवढंच सांगत होते की चप्पल बाहेर काढा आणि हात लावू नका. घस्ते सरांना आत नेलं ते भिंतीवर 'संगणक कक्ष' लिहायला. वर कन्नड, खाली मराठी. ते काम दोन दिवसांचं होतं, सरांनी ते दहा दिवस पुरवलं, आणि त्या दहा दिवसांत सोबतचं पुस्तक शब्दकोश लावून निम्मं वाचलं. विज्ञानाच्या सरांना सुटल्यासारखं झालं. किल्ली त्यांनी आनंदानं देऊन टाकली.

त्यांनी केलं ते मला समजलं तसं सांगते. ते यंत्र मंद होतं. वर्तुळ पुसून पुन्हा काढायला लागलं की डोळ्यादेखत खडू फिरवल्यासारखं हळू काढायचं, फिरणं दिसायचंच नाही. सरांनी वेगळी वाट काढली. पडद्यावर रंगांचे सोळा क्रमांक भरता येत, आणि कुठल्या क्रमांकाला कुठला रंग ते मागाहून बदलता येई. चित्र एकदाच काढायचं, पण त्यातल्या प्रत्येक बारीक चौकोनाला असा क्रमांक द्यायचा की चाकाच्या कुठल्या स्थितीत तो काळा आणि कुठल्या स्थितीत पांढरा हे त्या क्रमांकातच असेल. मग चित्राला हात लावायचा नाही, क्रमांकांचे रंग तेवढे बदलत राहायचे. जागचं काही हलत नाही आणि चाक फिरतं.

त्यासाठी आलेखाच्या कागदावर हजारो चौकोनांचा हिशेब करायला लागला. मॅट्रिक आणि चित्रकलेची परीक्षा एवढं शिकलेल्या माणसानं तो पेन्सिलीनं केला. एक स्थिती वाढली की क्रमांक दुप्पट लागायचे; चाकाच्या आठ स्थिती हव्या होत्या आणि सोळा क्रमांकांत चारच बसत होत्या. महिनाभर ते त्यातच अडकले. एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पोरांसमोरच म्हणाले, "बाई, अर्धा फेरा मारला की काळ्याच्या जागी पांढरं येतंय आणि पांढऱ्याच्या जागी काळं. ठिपक्यासकट. चारच काढायची. फुडची चार तीच हाईत, उलटी." मला काही कळलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण सर हसत होते आणि ते फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी कागदावरचे आकडे वाचायची आणि ते दोन बोटांनी टाइप करायचे. पहिल्यांदा चाक उठलं ते आडवं, पसरट. कागदावरचे चौकोन पडद्यावर रुंद होतात हे तेव्हा कळलं. "अंडं घाटलं यंत्रानं," सर म्हणाले आणि सगळे आकडे नव्यानं लिहायला बसले. दुसऱ्यांदा निम्मं टाइप झालं आणि वीज गेली. सगळं पुसलं. मी रडकुंडीला आले. सर कागदांचा गठ्ठा सरळ करून म्हणाले, "परत."

काम साठवायचं ते साध्या गाण्याच्या कॅसेटवर. शाळेनं कोरी कॅसेट दिली नाही, म्हणून सरांनी घरची आणली. तिच्या एका बाजूला त्यांच्या आईचा आवाज होता. निपाणीच्या घरात विड्या वळता वळता म्हटलेली भीमगीतं, मागं कात्रीचा आवाज. ती वारून दोन वर्षं झाली होती. दुसरी बाजू मोकळी होती, तिथं त्यांनी चाक भरलं. टेपवर वाजवलं तर नुसती कर्कश किंकाळी, पण सरांना त्यातला बदल ऐकू यायचा. "हितं ठिपका सुरू झाला बगा," म्हणायचे. मला सगळं सारखंच लागायचं.

ऑक्टोबरात ते चाक फिरलं. मी पाहिलं. काळा मासा वर चढतो, पांढरा त्याच्या पाठीवरून खाली येतो, आणि कुणीच कुणाला गिळत नाही. सर पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

आता एक नोव्हेंबर. बाहेरच्यांसाठी सांगते, त्या दिवशी सरकार कन्नड राज्य झाल्याचा राज्योत्सव करतं आणि त्या राज्यात अडकलेले आम्ही मराठी लोक काळा दिवस पाळतो. काळी फीत, काळा झेंडा. शाळेत झेंडावंदन असतं, आणि त्या वर्षी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. सरांची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. हेडमास्तरांनी सरांना बोलावून सांगितलं, "साहेबांना संगणक दाखवायचा आहे. काहीतरी हलतं दाखवा. तुमच्या फाईलचंही बघून टाकू."

आदल्या दिवशी मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जळजळीत. 'उद्या जो मराठी शिक्षक शाळेची पायरी चढेल त्याच्या हातात खडू नाही, आपल्याच माणसांवर उगारलेला सुरा आहे.' वडलांनी ते छापलं, पोरांनी गावभर चिकटवलं, एक शाळेच्या फाटकावरही. सरांना जावंच लागणार हे मला माहीत होतं. तत्त्वात अपवाद नसतो असं मी मानत होते. सरांनी फाटकापाशी ते पत्रक पूर्ण वाचलं आणि मला म्हणाले, "चांगलं लिवलंय, बाई. पण खडू मधी कशाला आणला?"

दुसऱ्या दिवशी कायम असलेले अकरा मराठी शिक्षक एकदम आजारी पडले. मी आजारी पडले नाही, काळा दिवस म्हणून येत नाही असा सरळ अर्ज दिला. त्याचा मला अभिमान होता. खोलीत काय झालं ते आमचा शिपाई बसाप्पा यानं सांगितलं. साहेब आले, टीव्ही लागला, चाक फिरायला लागलं. साहेबांनी चाकाकडे बोट करून विचारलं, "इदेनु?" हे काय?

सरांनी कन्नडात सगळं समजावलं. त्यांची कन्नड माझ्यापेक्षा चांगली होती. पण साहेबांचं लक्ष एकाच गोष्टीवर. "इवत्ते याके कप्पु?" आजच काळं का?

"अर्धं काळं हाय, अर्धं पांढरं," सर म्हणाले.

"आजच काळं का?" साहेबांनी पुन्हा विचारलं आणि ते खोलीबाहेर गेले.

संध्याकाळपर्यंत दोन बातम्या गावात होत्या. सरकारी लोकांत बातमी, घस्ते मास्तरानं राज्योत्सवाला साहेबांच्या तोंडावर काळा झेंडा नाचवला. आमच्या लोकांत बातमी, काळ्या दिवशी घस्ते मास्तर साहेबापुढं खेळ करून दाखवत होता. दोन्हीकडच्या लोकांनी माझंच पत्रक पुरावा म्हणून खिशात ठेवलं होतं.

हेडमास्तरांनी सरांना बोलावलं. पत्रकाचा जाब द्यायला मलाही. संस्थेचे अध्यक्ष बसले होते. टेबलावर टेपरेकॉर्डर आणि सरांची कॅसेट. त्यात काय संदेश आहे ते ऐकायचं होतं. एक बाजू लावली, किंकाळी निघाली. हेडमास्तर आणि अध्यक्ष पाच मिनिटं गंभीरपणे ती ऐकत होते. मग दुसरी बाजू लावली. कात्रीचा आवाज आला आणि एका बाईचा गाणारा आवाज.

"हा प्रचार आहे," अध्यक्ष म्हणाले.

"ती माझी आई हाय," सर म्हणाले.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं, आणि असे लोक नेहमी हसत बोलतात. म्हणाले, "घस्ते, मार्ग निघाला आहे. साहेबांना मी बोललोय. त्या चाकाचा रंग बदला. राज्योत्सवाच्या झेंड्यासारखा पिवळा आणि तांबडा करा. राज्योत्सवासाठीच केलं होतं, यंत्रातल्या चुकीनं काळं दिसलं, एवढं लिहून द्या. फाईलवर सही होईल."

अध्यक्ष खाकरले. "पिवळा-तांबडा आमच्या संस्थेत चालणार नाही. भगवा करा."

"भगवा ह्या यंत्रात न्हाय," सर म्हणाले. खरंच नव्हता. क्रमांक सोळा असले तरी रंग आठच होते.

"पण बदलता येतो ना?" हेडमास्तर म्हणाले. "किती वेळ लागेल?"

"दोन आकडे. काळ्या शून्याच्या जागी तांबडा एक, पांढऱ्या साताच्या जागी पिवळा तीन. दहा सेकंद."

"मग?"

अकरा वर्षं त्या दहा सेकंदांपलीकडे होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. घरी बायको, तीन मुलं, आणि पुढचा जून.

"न्हाय करत," ते म्हणाले. "ह्यात कुणाचा झेंडा न्हाय, सर. म्हणून तर फिरतंय. झेंडा घाटला की थांबंल ते."

"थांबणार नाही हो. रंगच तर बदलतोय."

"यंत्र फिरवंल. मी काय बगणार?"

मी तिथंच उभी होते. माझ्यावर काही कारवाई झाली नाही. पत्रक लिहिणारी मी, उघड अर्ज देणारी मी, आणि मला समज देऊन सोडलं. अकरा आजारी शिक्षकांची रजा मंजूर झाली. माझं आडनाव पाटील आहे आणि माझ्या वडलांना अध्यक्ष ओळखतात. हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं, त्या दिवसापर्यंत मला ते माहीतच नव्हतं असं म्हणण्याची सोय होती.

जूनमध्ये सरांना ऑर्डर आली नाही. मी त्यांच्या खोलीवर गेले. सामान बांधून झालं होतं. मी नवं पत्रक लिहून नेलं होतं, 'घस्ते सरांवरील अन्याय'. सही मागितली. त्यांनी ते उलटं करून बघितलं.

"मागं कोरं हाय की. ऱ्हाऊ द्या, पोरांस्नी चित्र काढाय हुईल," म्हणाले आणि घडी घालून ट्रंकेत ठेवलं. ते पत्रक कधी निघालं नाही. आमच्या लोकांना विचारलं तर म्हणाले, आत्ता वेळ योग्य नाही, आधी मुख्य प्रश्न सुटू दे.

कॅसेट शाळेच्या कपाटात राहिली होती. ती मिळवायला मला दीड वर्ष लागलं. शेवटी बसाप्पानं काढून दिली. घरी आणून मी दोन्ही बाजू लावून बघितल्या, आणि गेल्या हिवाळ्यात निपाणीला गेले.

हमरस्त्याला लागून एक गॅरेज आहे, तिथं ते ट्रक रंगवतात असं कळलं होतं. ट्रकच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाले, "या बाई," आणि एक पिंप पुसून पुढं केलं.

मी कॅसेट दिली. त्यांनी ती हातात फिरवली. लेबलवर आता शाळेचा शिक्का होता.

"पुसलीया व्हय?"

"एक बाजू."

"कुठली?"

मला वाटेत शंभर वेळा म्हणून बघितलेलं वाक्य सुचेना. "गाण्याची," मी म्हटलं. "स्नेहसंमेलनात अध्यक्षांचं भाषण भरलं तिच्यावर."

त्यांनी लेबलवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "कुठल्या भाषेत?"

"आधी कन्नड, मग मराठी."

"म्हंजे दोनी घाटल्या," सर म्हणाले. कॅसेट त्यांनी माझ्याकडे परत दिली. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. चाक परत लिवलं असतं मी, त्याचं कागद हाईत माझ्याकडं. ते ठेवलं आणि हे पुसलं."

माझं लक्ष तेव्हा ट्रकच्या चाकाकडे गेलं. मधल्या गोल भागावर त्यांनी पट्टे ओढले होते, पिवळा, तांबडा, पिवळा, तांबडा. कडा अशा की कंपास लावून बघावं. त्यांनी माझी नजर पकडली.

"हे मालकाचं चाक हाय, बाई. त्यो सांगंल त्यो रंग. ते माझं हुतं."

मी उठले. चाकाचा वरचा भाग रंगवून झाला होता, खालच्या भागाला हात पुरत नव्हता. सरांनी ब्रश तोंडात धरला, केबिनवर थाप मारली, मग ब्रश काढून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "अर्धा फेरा फुडं घे रं. अर्धाच. जास्त न्हाय."

ट्रक दोन पावलं सरकला. रंगवलेलं खाली गेलं, कोरं वर आलं. सर चाकाबरोबर तेवढेच पुढं सरकून बसले. मी निघाले तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती.